मोटार धुवावी कशी?

दसऱ्याच्या दिवशी सकाळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात जा. ओढ्याच्या काठी किंवा विहिरीजवळ एक लहानसा मेळावा भरलेला दिसेल. ट्रॅक्टर, वडापच्या जीपा, मोटारसायकली, एखादी नवी कोरी मोटार, सगळ्यांना आंघोळ घालणे चाललेले असते. मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आम्ही मुंबईच्या उपनगरांतली माणसेही तेच करतो. ओढ्याच्या जागी इमारतीच्या आवारातला नळ असतो, इतकाच फरक. परंतु त्या दिवशी ज्या भक्तिभावाने आपण गाडी घासतो, त्याच भक्तिभावाने तिच्या रंगाची नासाडीही करीत असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी भूगोलाचा प्राध्यापक, मोटारीच्या धंद्याशी माझा काडीचाही संबंध नाही. पण स्वतःची एक गाडी हाताने बिघडवून बसल्यावर माणूस विचार करायला लागतो, तसा मी लागलो.

गाडी जुनी घेतलेली, गडद निळ्या रंगाची. मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात ती उभी असे. हौस दांडगी! रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी एक कोरडे फडके घ्यायचे आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत खसाखसा पुसून काढायचे, हा माझा नेम. रविवारी रबरी नळी लावून भरपूर पाणी आणि कपडे धुण्याची पावडर. शेजारी कौतुक करीत. वर्षभराने एकदा भर दुपारी गाडी उन्हात उभी होती आणि मी तिच्या टपाकडे पाहिले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक चकाकते ओरखडे गोल पसरलेले होते. निळा रंग राखेसारखा फिकट दिसत होता.

आमच्याच इमारतीत एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचे सारे आयुष्य टॅक्सी चालविण्यात गेले होते. टॅक्सी अर्थातच पद्मिनी, म्हणजे इथे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. वीस वर्षे वयाची अट त्यांना भोवली. या काकांनी माझा टप पाहिला आणि विचारले, "सर, रोज कोरडं पुसता ना?" मी अभिमानाने होय म्हटले. ते म्हणाले, "मग दुसरं काय होणार? आधी पाणी, मग हात. आमच्या शेठनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आधी पाणी, मग हात. गाडी स्वच्छ करण्याचे अर्धे शास्त्र या चार शब्दांत आले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही जा, हल्ली 'कार डिटेलिंग' अशा पाट्या झळकताना दिसतात आणि आत हजारो रुपयांचा हिशेब होतो. डिटेलिंग म्हणजे गाडीचा कानाकोपरा, आतून बाहेरून, क्रमाने साफ करून तिच्या रंगावर संरक्षक थर चढविणे. त्यातला बराचसा भाग आपल्याला घरी, दोन बादल्या आणि चार फडकी एवढ्या सामग्रीवर करता येतो. क्रम मात्र चुकता कामा नये. आणि क्रम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेतले तर तो आपोआप ध्यानात राहतो. म्हणून आधी कारण पाहू.

गाडीवर बसणारी धूळ म्हणजे काय? आमच्या उपनगरांत ती तीन-चार ठिकाणांहून येते. रस्त्यांची, पुलांची, मेट्रोची आणि उंच इमारतींची कामे चालतात तिथून सिमेंट आणि दगडाचा कच येतो. टायर आणि ब्रेक झिजून काळी पूड येते. वर्सोव्याच्या बाजूला समुद्राचा खारा वारा, तर मुलुंड-भांडुपकडे खाडी आणि मिठागरे. तुमच्या गावी शेतातली माती आणि खडीच्या रस्त्याचा फुफाटा असतो. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी. या धुळीत दगडाचे सूक्ष्म कण असतात. वाळूचा कण बहुधा क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा. फ्रीडरिश मोह्स या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावली. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांना ती ठाऊक असेल. त्या श्रेणीत आपले नख सुमारे अडीच, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि क्वार्ट्झ सात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली खनिजेही पाच-सहाच्या घरातली. मोटारीच्या रंगाचा थर काचेपेक्षा पुष्कळच मऊ असतो. म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसणे याचा अर्थ पॉलिश-पेपरने गाडी घासणे. हात माझा, कागदही मीच तयार केलेला!

आता तो थर किती जाड? आजकालच्या मोटारींना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि त्यावर एक पारदर्शक थर असतो, त्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हा पारदर्शक थर साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉनचा. वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो. गाडीची सगळी चकाकी या पापुद्र्यात आहे, आणि ऊन-पावसापासून रंगाला राखतो तोही हाच. जुन्या पद्मिनीला वेगळा क्लिअर कोट नसे. जोराने घासले की फडक्यावर पिवळा रंगच उतरे. म्हणून त्या काळचे चालक जपत. आता रंग फडक्यावर येत नाही आणि आपण निर्धास्त घासतो.

ते गोल कोळ्याचे जाळे कसे दिसते, हेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की गोल हात फिरविल्याने गोल ओरखडे पडतात. घरातली वापरातली स्टीलची थाळी उन्हात धरा. तेजाच्या ठिपक्याभोवती वर्तुळे दिसतील. थाळी हलवा, वर्तुळेही तेजाबरोबर सरकतील. म्हणजे ओरखडे गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांनी आडवेतिडवे पडलेले आहेत, आणि त्यांपैकी जे प्रकाशाच्या आड येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. जुन्या पारदर्शक पट्टीचा अर्धा भाग कोरड्या मातीने फडक्याने चोळायचा, उरलेला अर्धा आधी पाण्याने धुऊन मग पुसायचा आणि दोन्ही भाग खिडकीशी धरायचे. मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

तर आता प्रत्यक्ष कामाला लागू. वेळ सकाळची, नाहीतर ऊन उतरल्यावरची. जागा सावलीची. बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. गरम लागले तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण जागच्या जागी वाळतो आणि डाग धरतो. चाकेही गार होऊ द्या. लांबून आल्याबरोबर तापलेल्या ब्रेकवर थंड पाणी मारणे चांगले नव्हे.

प्रथम आतली बाजू. यात पुष्कळजण उलटे करतात. आधी बाहेरून चकचकीत धुतात आणि मग मॅट झटकून तीच धूळ ओल्या गाडीवर उडवितात. दारे उघडा, मॅट बाहेर काढून दूर झटका, मग टपाच्या आतल्या बाजूपासून खाली खाली येत या. डॅशबोर्डच्या फटींसाठी रंगाऱ्याचा एक मऊ ब्रश पुरे. व्हॅक्यूम यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर सीटवर ओलसर हात फिरविला तरी केस आणि तंतू गोळा होतात. पाणी थेट डॅशबोर्डवर किंवा बटणांवर शिंपडू नका. फडके ओलसर करून पुसा. स्टिअरिंग आणि पेडल यांवर चकाकीचे कोणतेही द्रव्य लावू नका, कारण हात आणि पाय घसरतात.

सीटखाली काय काय सापडते म्हणता! वडापावचा चुरा, शेंगदाण्याची टरफले, प्रसादाचे खोबरे. हे काढायलाच हवे, कारण मुंबईचा उंदीर. पावसाळ्यात उंदीर कोरड्या जागेच्या शोधात इंजिनात चढतो आणि वायरी कुरतडतो. खायला मिळाले तर मुक्कामच ठोकतो. गावी शेताच्या कडेला उभ्या गाडीची हीच कथा. पावसाळ्यात मॅट पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नयेत, नाहीतर चार दिवसांत बुरशीचा वास सुटतो आणि मग कितीही अत्तरे टांगली तरी तो जात नाही.

दसऱ्याच्या हळदीचे काय? सीटवर हळद सांडली की आपण साबण घेऊन धावतो आणि पिवळा डाग तांबडा होतो. घाबरू नका, हळद अल्काच्या संपर्कात आली की लाल होते, एवढेच. आधी कोरडी हळद ब्रशाने उचलावी, मग साध्या ओल्या फडक्याने टिपावे. उरलेला पिवळेपणा उन्हात हळूहळू विरतो.

पण या हळदीचा एक फार चांगला उपयोग आहे. गाडी कशाने धुवावी हे ती सांगते. टीपकागदाला हळदीचे पाणी लावून वाळवा. त्यावर कपड्याच्या पावडरीच्या पाण्याचा थेंब टाका, कागद लाल होईल. अशी पावडर गाडीला लावू नये. ती गाडीवरचा मेणाचा थर उतरविते आणि रबरी पट्ट्या कोरड्या पाडते. आता गाडीसाठी मिळणाऱ्या शाम्पूचा थेंब टाका. बहुधा कागद पिवळाच राहील. असा सौम्य शाम्पू दहा लिटर पाण्याला बाटलीवर सांगितले असेल तेवढाच घ्यायचा. भांड्यांचा साबण पातळ केला तरी मेण उतरवितोच, म्हणून तोही नको.

आत झाले की चाके. ती सगळ्यांत घाण, म्हणून त्यांचे फडके, ब्रश आणि पाणी वेगळे. ब्रेकची पूड लोखंडाच्या कणांची असते. चाकाचे फडके चुकून दारावर फिरविले तर काय होईल, हे आता सांगायला नको. चाकांच्या वरची पोकळी, म्हणजे मडगार्डची आतली बाजू, हाताने चाचपून चिखल काढा. गाडी गंजायला सुरुवात होते ती इथे आणि खालून. समुद्राकाठी आणि खाडीकाठी मिठामुळे गंज वेगाने पसरतो, कारण खारा ओलावा विजेचे वहन चांगले करतो आणि गंजणे ही मुळात एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ओला चिखल हा मिठाला महिनोन् महिने धरून ठेवणारा बोळा समजा.

आता 'आधी पाणी'. टपापासून सुरुवात करून तांब्याने पाणी सोडत खाली या. घासायचे नाही, हात लावायचा नाही. कण सुटून वाहून जावेत एवढाच हेतू. तांब्यापेक्षाही चांगले साधन शेतकऱ्याच्या घरात असते, ते म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. बारीक जोरदार फवारा, आणि पाणी फार थोडे. फक्त एक पथ्य आहे. ज्या पंपात तणनाशक किंवा कीटकनाशक घातले असेल तो इथे वापरायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. याच गाडीच्या दाराला उद्या लेकरू हात लावणार. पंप वेगळा घ्या, नाहीतर तांब्या बरा.

चिखल सुटला की दोन बादल्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. फडके मऊ, सुती बनियनचे चालेल. सूक्ष्म धाग्यांचे मायक्रोफायबर मिळाले तर अधिक चांगले, कारण त्याचे केसाहून बारीक धागे कण पोटात ओढून घेतात. फडके शाम्पूत बुडवा, टपाचा एक भाग सरळ रेषेत, हलक्या हाताने पुसा. मग ते साध्या पाण्याच्या बादलीत पिळून काढा आणि नंतरच पुन्हा शाम्पूत घाला. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेला गाळ शेवटी पाहा. तो सगळा, एकच बादली असती तर, तुम्ही पुन्हा पुन्हा गाडीवर फिरविला असता. टप, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, मग दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. कारण रस्त्याची रेती खाली जास्त असते. घराचे लादी पुसणे आतून दाराकडे जाते ना, तसेच हे वरून खाली.

पक्ष्यांची घाण हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे कबुतरे आणि कावळे, तुमच्याकडे साळुंक्या आणि बगळे. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते, आणि उन्हात तापलेल्या रंगावर ते कायमचा खड्डा करते. म्हणून रविवारची वाट पाहू नका. त्या डागावर ओले फडके पाच मिनिटे ठेवा, मऊ झाले की उचलून घ्या. नखाने खरवडू नका.

साबण वाळायच्या आत पुन्हा पाणी सोडून धुवा आणि लगेच टिपा. लगेच, कारण बोअरिंगचे पाणी. उपनगरांतल्या कित्येक इमारतींत गाड्या धुवायला हेच पाणी मिळते, आणि ते जड असते. थेंब वाळला की आतला चुना गोल पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने मागे राहतो. तुमच्या चुलीवरच्या पातेल्याला बसणारा पांढरा थर आणि हा ठिपका, दोन्ही एकच. टिपताना दारे उघडून त्यांच्या कडा पुसा. दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. आत शिरलेले पाणी तिथून निथळते. माती बसून ती बुजली की दार आतून सडते. एक काडी फिरविली की काम झाले. तसेच पुढच्या काचेच्या पायथ्याशी साचलेला पाला काढा. गुलमोहराखाली, सोनमोहराखाली उभ्या असणाऱ्या गाड्यांत हा पाला पन्हळी बुजवितो आणि जुलैच्या पहिल्या झडीत पाणी थेट पायांत येते. मालक बिचारा दाराचे रबर बदलीत बसतो.

इंजिनावर पाण्याचा झोत मारू नका, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. आजच्या गाडीत तिथे विजेचे फार काही असते. ओलसर फडके पुरे.

इथपर्यंत दर आठवड्याचे काम. याच्या पुढचे वर्षातून दोन-चार वेळाच करायचे. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. खरखरीत लागले तर रंगात लोखंडाचे आणि डांबराचे कण रुतलेले आहेत. ते काढायला एक प्रकारची कृत्रिम चिकणमाती मिळते. शाम्पूचे पाणी मारून ती हलके सरकविली की कण तिला चिकटून येतात. ती खाली पडली तर मात्र टाकून द्यायची. मग पॉलिश. इथे सावध! पॉलिश ओरखडे भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर खरवडून सपाट करते. आपला थर केवढा, ते वर पाहिलेच. दर दिवाळीला पॉलिश करणारा माणूस दर दिवाळीला गाडीचे कातडे सोलतो. माझ्या निळ्या गाडीला मी एकदाच करून घेतले, आणि तेवढेच. काही ओरखडे अजून आहेत, राहोत.

मेण मात्र खुशाल लावा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारे कार्नौबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. कोरड्या, गार पत्र्यावर अगदी पातळ लावायचे, थोडे वाळू द्यायचे आणि स्वच्छ फडक्याने पुसून काढायचे. जाड थर म्हणजे अधिक संरक्षण नव्हे, अधिक घाम. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याला एकदा लावले तर आपल्या हवेला ते ठीक. पाणी टाकल्यावर अळूच्या पानावरच्यासारखे मोती धरले तर मेण शाबूत आहे, पाणी पसरून राहिले तर गेले. टायरला चकाकी लावायची हौस असेल तर ती बाजूला लावा. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लावली तर गाडी घसरेल.

काचा सगळ्यांत शेवटी, कारण मेणाचे शिंतोडे त्यांवर उडालेले असतात. बाहेरून पुसणे सगळे करतात, आतून कुणी नाही. आतल्या बाजूला श्वासाचा, धुराचा आणि तापलेल्या प्लास्टिकच्या वाफेचा तेलकट पडदा चढतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री पावसात समोरून दिवे आले की सगळी काच दुधासारखी पांढरी होते. कसारा घाटात अशा काचेमागे बसून मी एकदा गाडी अक्षरशः चाचपडत नेली आहे. रंगाचा ओरखडा मनाला लागतो, हा पडदा जिवाला लागतो. ओल्या फडक्याने आडवे आणि कोरड्याने उभे पुसा, म्हणजे राहिलेला फराटा कोणत्या बाजूचा ते कळते. वायपरचे रबरही पुसून घ्या; त्यात अडकलेला एक खडा काचेवर कायमची कमान काढतो.

आता पाण्याचा हिशेब. मी मूळचा शहापूर तालुक्यातला. तानसा आमच्या तालुक्यात, भातसाही तिथेच. मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. बाकीचे सगळे लांबचे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते आहे, आणि त्याचे भले थोरले नळ आमच्या मुलुंडमधूनच जातात. एकदा उन्हाळ्यात आमची आत्या गावाहून आली होती. त्या दिवसांत गावाला पाण्याचा टँकर चालू होता. आमच्या आवारातले बोअरिंग आटलेले, म्हणून मी पिण्याच्या पाण्याच्या नळाला नळी लावून गाडी धूत होतो. ती कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "हे तानशाचं का रे?" मी म्हटले, "हो, बहुतेक." ती काहीच बोलली नाही, आत गेली.

त्या संध्याकाळी मी नळीखाली बादली धरून घड्याळ लावले. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरली. माझी धुलाई वीस मिनिटांची असे. म्हणजे तीनशे लिटर. दोन बादल्या आणि तांब्याच्या रीतीने मला चाळीस लिटर पुरतात, चिखल असला तर पन्नास. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली तेव्हा आमच्या इमारतीत गाड्या धुणे बंद करण्याचा ठराव आला होता. मी बादल्या दाखविल्या आणि ठरावात 'नळीने' हा शब्द घालून घेतला. प्राध्यापकाचा शब्दांचा उपयोग होतो तो असा!

आणि हे पाणी जाते कुठे? इमारतीच्या आवारातले पाणी बहुधा पावसाळी गटारात उतरते, आणि ते गटार शुद्ध होण्यासाठी कुठे थांबत नाही. बोरिवलीकडचे दहिसर आणि पोईसर नद्यांत, अंधेरीकडचे ओशिवरा आणि मिठी नद्यांत, घाटकोपर-मुलुंडकडचे ठाण्याच्या खाडीत. गावच्या ओढ्यात ट्रॅक्टर उभा करून धुतला तर त्याचे ग्रीस आणि डिझेल सरळ खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर जाते. ट्रॅक्टर ओढ्यापासून दूर, मातीच्या किंवा गवताच्या जागेवर उभा करा आणि पाणी तिथे वाहून न्या. चार खेपा जास्त पडतील. मग पाणी आपोआप बेताने वापरले जाते, हा माझा अनुभव.

एका माणसाविषयी सांगायचे राहिले. उपनगरांत बहुतेक गाड्या मालक धूतच नाहीत. पहाटे पाचच्या सुमारास एक तरुण येतो, हातात एक बादली, खांद्यावर एक फडके, आणि उजाडेपर्यंत वीस-पंचवीस गाड्या पुसून जातो. पहिल्या गाडीचे पाणी विसाव्या गाडीपर्यंत चिखल झालेले असते. मालक ओरखडे पाहून त्याच्यावर चिडतात. पण त्याला बादली एकच, नळ उघडायची परवानगी एकदाच, आणि महिन्याला मिळणारे गाडीमागचे पैसे रोज पुसण्याचे! एखादा दिवस चुकला तर पैसे कापणार. तो बिचारा धूळ उडविणार नाही तर काय करील? त्याचे हात पाहा कधी. पावडरीच्या पाण्याने बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असतात.

आमच्या आवारात आम्ही आठ-दहा जणांनी त्याच्याशी वेगळे ठरविले. रोज पुसायचे नाही. आठवड्यातून दोनदा, दोन बादल्यांनी, क्रमाने धुवायचे. पगार तोच. शाम्पू आणि रबरी हातमोजे आमचे. पहिल्या महिन्यात दोघांनी तक्रार केली की मधल्या दिवशी गाडीवर धूळ दिसते. दिसू द्या, म्हटले. धूळ नुसती बसून काही करीत नाही, तिला घासले की ती करते. त्या तरुणाने हे इतके मनावर घेतले की आता मी सवयीने टपावरून बोट फिरविले तरी तो लांबून हाक मारतो, "सर, हात नको!"

राहता राहिली फडकी. काम झाल्यावर ती टाकून देऊ नका. चाकांची वेगळी, रंगाची वेगळी, काचेची वेगळी, अशी निरनिराळ्या रंगांची ठेवा म्हणजे घोटाळा होत नाही. साध्या पाण्यात धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका, दोरीवर वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि धुता धुता एखादे फडके हातातून निसटून जमिनीवर पडले, तर ते पुन्हा झटकून गाडीला लावू नका. त्या दिवसापुरते त्याला चाकांकडे पाठवा, आणि डब्यातले दुसरे घ्या.